बुटाचा हप्ता आणि कापशीचा कान

संज्यानं आठ हजार नऊशे नव्व्याण्णवचे बूट घेतले, तेही 'नो कॉस्ट' हप्त्यावर. कोल्हापुरात रंकाळ्यावरच्या आमच्या कट्ट्याला एवढी बातमी पुरते.

दिग्या सुटलाच. "घरात तीन जोड धूळ खात पडल्यात आणि ह्यो चौथा आणतोय. सेल लागला की तुला जादा पाय फुटतात काय रं?"

"माझा पगार, माझे पाय. तुझ्या खिशातनं गेले का?"

"खिशाचं नाही बोलत मी. तुला पाहिजे होते म्हणून घेतलेस, का मोबाइलनं दाखवले म्हणून पाहिजे झाले?"

प्रश्न बिनतोड होता. अडचण एवढीच, की विचारणाऱ्याच्या पायात कोरी कापशी, म्हणजे कोल्हापुरी चप्पल होती. गोंडा, कान, वर करकर. संज्यानं ती न्याहाळली. "हा कितवा जोड तुझा?"

"हे वेगळं आहे. हातानं शिवलेलं, वादीनं टाचलेलं, कुठं खिळा नाही. कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं. २०१९ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय. पैसा कारागिराच्या घरात जातो."

"कितवा ते सांग."

चौथाच. तिसरा कधी आला तेही सगळ्यांना ठाऊक होतं. जून २०२५मध्ये प्राडा ह्या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये आपल्यासारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. ओरड झाल्यावर मग मान्य केलं. त्या गदारोळात आमचा दिग्या चप्पल लाइनीत जाऊन अस्मितेपोटी एक जोड घेऊन आला, वर स्टेटसही ठेवलं. म्हणजे मोबाइलनं त्यालाही दाखवलंच होतं की! संज्याला सूट दिसली, ह्याला अभिमान.

कारागिराचा मुद्दा मात्र मी सोडणार नाही. तीनशे रुपयांची मशीनवरची नक्कल आणि हातानं केलेला जोड शेजारी शेजारी टांगलेले असताना जास्त पैसे मोजणं, ह्याला मी चंगळ म्हणत नाही. फक्त पैसा चांगल्या घरी गेला म्हणून कपाटातले चार जोड दोन होत नाहीत. स्वदेशीची हौसही हौसच असते, तिला नाव तेवढं चांगलं मिळतं.

शिल्पा पतसंस्थेत आहे. तिनं चहा संपवून संज्याला धरलं. "नो कॉस्ट म्हणालास ना? बँक व्याज लावतेच. दुकानदार तेवढी सूट देतो म्हणून तुला दिसत नाही. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, वर प्रोसेसिंग फी. क्रेडिट कार्डावरचं शून्य टक्के व्याज हा प्रकारच नसतो, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३लाच सांगितलंय."

"कितीसे जातात? शे-दोनशे."

"शे-दोनशेचं नाही रे. रोख मोजायचे असते तर घेतले असतेस का?"

संज्या गप्प. मग एकदम, "आणि पावसाळ्यात काय करू? जूनपासून सप्टेंबरपर्यंत कापशी घालून दाखव बघू इथं! भिजली की गेली. मला रोज एमआयडीसीत दहा तास उभं राहायचं असतं."

ह्यावर कुणीच काही बोललं नाही. साधेपणाचे सल्ले देणारे बहुतेक बसून काम करतात, हे माझं जुनं निरीक्षण आहे. टाच दुखणाऱ्या माणसाचा चांगला बूट हा चैनीत धरायचाच नाही. धरायचे असतील तर घरी पडलेले तीन धरा.

"सरकारचं बघा," शिल्पा म्हणाली. "२२ सप्टेंबर २०२५पासून अडीच हजारापर्यंतच्या पादत्राणाला ५ टक्के जीएसटी, त्याच्यावर १८. हातानं केलेली चांगली कापशी अडीच हजाराच्या वर गेली की तुझ्या बुटाच्याच रांगेत."

दिग्या पेटला. "मग? कारागिरानं स्वस्त विकायचं?"

"विकू दे की महाग. तू एकच घे आणि झिजेपर्यंत घाल. तळ गेला की त्याच्याकडनंच बसवून घे."

"तळ बसवायचे त्याला असे कितीसे मिळणार? सगळेच झिजेपर्यंत घालायला लागले तर त्यानं खायचं काय? नवा जोड घेणार कोण, हा संज्या?"

"घेईन की," संज्या म्हणाला. "हे सहा हप्ते फिटू देत."