आठच्या ठोक्याला आलेली ती कोण होती?

गेल्या रविवारी बहिणीच्या मुलीला घेऊन 'मधुमती' बघायला बसले. ती वीस वर्षांची, इंजिनिअरिंगला आहे. तिची अट एकच होती: "मावशी, बोअर झालं की मी मोबाईल काढणार." पहिल्या तासात तिने तो तीनदा काढला. मी काही बोलले नाही, कारण पहिला तास खरंच रेंगाळतो. जंगल, धुकं, गाणं, पुन्हा जंगल. गाणी सलील चौधरींची नसती तर मीही काढला असता.

मग हवेलीतल्या घड्याळात आठ वाजले आणि मोबाईल जो उशीखाली गेला तो शेवटपर्यंत तिथेच राहिला.

(सिनेमा 1958 चा आहे, तेव्हा आता कसलं आलंय गुपित! तरी ज्यांना पाहायचाय त्यांनी इथे थांबा, पाहून या.)

आनंद, म्हणजे दिलीपकुमार, लाकडाच्या इस्टेटीवरचा मॅनेजर. डोंगरातल्या मधुमतीवर (वैजयंतीमाला) त्याचा जीव जडतो आणि एक दिवस ती नाहीशीच होते. संशय मालकावर, उग्रनारायणवर (प्राण), पण पुरावा काही नाही. मग आनंदला मधुमतीसारखीच दिसणारी माधवी (हीही वैजयंतीमालाच) भेटते. तो तिला गळ घालतो की आठच्या ठोक्याला मधुमतीचं भूत बनून हवेलीत ये, म्हणजे हा घाबरून कबूल करेल. ठोके पडतात, ती येते, प्रश्न विचारते. उग्रनारायण कोसळतो, कबूल करतो, पोलीस त्याला नेतात. बेत फत्ते. आणि आनंदच्या डोक्यात हळूच शिरतं की मधुमतीला पुरलंय कुठे हे तर मलाच ठाऊक नव्हतं, मग हिला कुणी सांगितलं? समोरची हसते, जिन्याकडे वळते. एवढ्यात माधवी धावत आत येते. तोच वेश. उशीर झाला, वाटेत गाडी बंद पडली होती!

मी हे दहाएक वेळा तरी पाहिलं असेल. दर वेळी अंगावर काटा येतो, तो भीतीचा नाही. ज्या बाईसाठी हा माणूस वेडा झालाय ती दोन हातांवर उभी आहे, आणि हा तिला 'काम छान वठवतेय' अशा नजरेने बघतोय. मेलेली आली, त्याचं काम करून दिलं, आणि त्याने तिला ओळखलंच नाही. ओळख पटेपर्यंत ती जिन्यावर पोचलेली.

'मधुमती' पुनर्जन्मामुळे टिकला असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. पुनर्जन्माची गोष्ट आपल्याकडे पैशाला पासरी. हा सिनेमा टिकला तो या उशिरामुळे. आपलं माणूस समोर असताना न ओळखणं, हे भुताखेताशिवायही रोज घडतं हो.

आणि आपल्याकडची भुतं आठवा. आजोळच्या गोष्टींत हडळ असायची, उलट्या पायांची. मुंजा पिंपळावर. त्यांना घालवायचं कसं एवढाच प्रश्न: उतारा टाका, अंगारा लावा. इथे उलटंच आहे. ही जाऊ नये असं वाटतं. बाई, थांब गं अजून दोन मिनिटं!

गंमत म्हणजे 'मधुमती'चे दिग्दर्शक बिमल रॉय यांनी त्याआधी दुसऱ्या एका भुताचं संकलन केलं होतं. 1949 चा 'महल', कमाल अमरोहींचा. त्यात अशोककुमारला झुलवणारी मधुबाला शेवटी जिवंत बाई निघते, भूत सगळं खोटं. नऊ वर्षांनी स्वतः दिग्दर्शक म्हणून त्यांनी बाजू पालटली: खोटं ठरवून आणलेलं भूत खरं निघालं. हे त्यांनी जाणूनबुजून केलं की काय, कोण जाणे. पण जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्यावर 'दो बीघा जमीन' काढणारा माणूस भुताच्या वाटेला गेला, आणि कथा कुणाची तर डाव्या विचारांच्या ऋत्विक घटकची, संवाद उर्दू कथाकार राजिंदरसिंह बेदींचे! म्हणूनच बहुधा त्या भुताला जमिनीची, मालकशाहीची चीड आहे. मधुमती डोंगरातली पोर, तिच्या मरणाला कारण जमीनदार. प्रेमकथेच्या पोटात हे आहेच.

'महल'च्या तबकडीवर लताबाईंचं नाव नव्हतं, 'कामिनी' होतं, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं. आवाज घराघरांत पोचला तेव्हा त्याला माणूसच नव्हतं. आणि गायनासाठीचं पहिलंवहिलं फिल्मफेअर त्यांना मिळालं ते 'मधुमती'तल्या 'आजा रे परदेसी'ला. सिनेमाला एकूण 9 मिळाली, आणि तो विक्रम 1995 च्या 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे'पर्यंत टिकला. असो, आकडे पुरे.

आम्हा नाशिककरांसाठी खरी चीज पुढे आहे. चित्रीकरण झालं नैनितालकडे. फिल्म धुऊन पाहिली तर बराचसा भाग धूसर, वाया गेलेला. पुन्हा तिकडे जाणं परवडणारं नव्हतं. मग कलादिग्दर्शक सुधेंदू रॉय यांच्या लोकांनी इगतपुरीजवळ वैतरणा धरणापाशी खोटी पाइनची झाडं उभी केली आणि धुराचे गोळे फोडून धुकं केलं. ज्या इगतपुरीत पावसाळ्यात समोरची गाडी दिसत नाही तिथे धुकं बनवावं लागलं! हे कळल्यापासून घाटातून जाताना मी उगाच खिडकीतून झाडं न्याहाळते.

एक तक्रार मात्र आहे. आनंद गच्चीवरून तिच्या मागे जातो, तिथे सिनेमा संपायला हवा होता. पण ही सगळी गोष्ट वादळी रात्री मागचा जन्म आठवलेला देवेंद्र (पुन्हा दिलीपकुमार) सांगत असतो, म्हणून आपल्याला त्या रात्रीत परत आणून, रेल्वे अपघाताची धास्ती दाखवून, त्याचे बायको-बाळ सुखरूप भेटवून दिले जातात. ही बायको म्हणजे वैजयंतीमालाची तिसरी भूमिका, आणि तिन्हींत हीच फिकी. प्रेक्षकाला रडत घरी पाठवायचं नाही, हा तेव्हाचा हिशेब असणार. मी तिथे दर वेळी चहा टाकायला उठते.

परवाही उठले. परत आले तर पोरीने सीन मागे नेला होता आणि ती टीव्हीला नाक लावून बसली होती. "खोटीचा वेश आणि खरीचा वेश यात कुठे फरक आहे का बघतेय." आम्ही तीनदा पाहिलं. नाही सापडला.

आज सकाळी सात वाजता तिचा मेसेज आलाय. "मावशी, माधवीची गाडी आपोआप बंद पडली, की तिने पाडली?"

अजून उत्तर दिलेलं नाही.