जोड्या लावा

गेल्या आठवड्यात भाची अभ्यास करत बसली होती. प्रश्न नेहमीचाच, 'जोड्या लावा'. डावीकडे शोध, उजवीकडे शास्त्रज्ञ. पेनिसिलिनपासून तिने पट्टीने रेघ ओढली ती थेट फ्लेमिंगपर्यंत. उत्तर बरोबरच आहे, पण ती सरळ रेघ मला तेव्हापासून खुपतेय.

फ्लेमिंगची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. १९२८ च्या सप्टेंबरात तो सुट्टीवरून लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातल्या प्रयोगशाळेत परतला. एका बशीत बुरशी उगवली होती आणि तिच्याभोवतीचे जिवाणू नाहीसे झाले होते. १९२९ मध्ये त्याने त्यावर निबंधही छापला. पुढे काय झालं, हे मात्र कुणी विचारत नाही. पुढे जवळजवळ दहा वर्षं पेनिसिलिन औषध म्हणून कुणाच्या फारसं कामी आलंच नाही. बुरशीच्या रसातून ते शुद्ध स्वरूपात वेगळं काढायला जावं, तर ते हातातच नासायचं. त्या दहा वर्षांत साधी जखम चिघळूनही माणसं आधीसारखीच मरत होती. शोध लागलेला होता, बरं का!

१९३९ च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी आणि चेन या संशोधकांनी तो जुना निबंध उकरून काढला. (चेनला तर फ्लेमिंग हयात नाही असंच वाटत होतं. पुढे फ्लेमिंग स्वतःच भेटायला आला तेव्हा त्याची काय अवस्था झाली असेल, कल्पना करा.) पण माझा खरा जीव जडलाय तो त्यांच्यातल्या तिसऱ्यावर, नॉर्मन हीटलीवर. युद्ध चालू, पैसे नाहीत, भांडी नाहीत. बुरशी वाढवायला पसरट भांडं हवं, म्हणून या माणसाने रुग्णालयातली बेडपॅन वापरली. नंतर साधारण त्याच धर्तीवर चिनीमातीची भांडी बनवून घेतली. रस शुद्ध करायचं यंत्र त्याने ग्रंथालयाने टाकून दिलेल्या एका पुस्तकं ठेवायच्या मांडणीवर उभं केलं. २५ मे १९४० रोजी आठ उंदरांना जिवाणू टोचले आणि त्यातल्या चौघांना पेनिसिलिन दिलं. हीटली पहाटे पावणेचारपर्यंत तिथेच बसून होता. तोवर औषध न दिलेले चारही उंदीर मेले होते.

मग फेब्रुवारी १९४१. अल्बर्ट अलेक्झांडर नावाचा पोलीस शिपाई. संसर्ग चेहऱ्यावरून सगळीकडे पसरलेला, एक डोळा आधीच काढलेला. पेनिसिलिन सुरू केलं आणि तो चक्क सुधारू लागला. ताप उतरला, जेवू लागला. आणि साठा संपला. त्याच्या लघवीतून बाहेर पडणारं औषध गाळून काढायचं आणि पुन्हा त्यालाच टोचायचं, इथपर्यंत या लोकांची मजल गेली. तरी पुरलं नाही. १५ मार्चला तो गेला. औषध कळलेलं, काम करतंय हे डोळ्यांनी दिसलेलं, आणि माणूस वाचला नाही तो केवळ चमचाभर औषध कमी पडलं म्हणून. हा प्रसंग मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा पुस्तक मिटून ठेवावं लागतं.

१९४५ चं नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन या तिघांना मिळालं. एकाच पारितोषिकात तिघांहून जास्त नावं बसत नाहीत. हीटलीला ऑक्सफर्डने वैद्यकशास्त्रातली मानद डॉक्टरेट दिली ती १९९० साली.

दुसरी जोडी हात धुण्याची आणि डॉक्टर सेमेलवाइसची. समाजमाध्यमांवर हा माणूस आता हुतात्मा झालाय. व्हिएन्नाच्या रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात सुइणी शिकत, दुसऱ्यात वैद्यकाचे विद्यार्थी. विद्यार्थ्यांच्या विभागात बाळंतिणी कितीतरी जास्त मरत. तिथे भरती करू नका म्हणून बायका अक्षरशः हातापाया पडत. १८४७ मध्ये सेमेलवाइसच्या लक्षात आलं की विद्यार्थी शवविच्छेदन करून त्याच हातांनी बाळंतिणींना तपासतात. क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्याने हात धुवायची सक्ती केली. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेलं मृत्यूचं प्रमाण जूनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास आलं. तरीही वरिष्ठांनी मानलं नाही. 'तुमच्या हातांनीच बायका मरताहेत' हे डॉक्टरांच्या गळी उतरणार कसं?

सगळे इथे थांबतात. मला मात्र सेमेलवाइसचाही थोडा राग येतो. एवढे खणखणीत आकडे हाताशी असून याने सविस्तर ग्रंथ छापला १८६१ मध्ये, चौदा वर्षांनी! तोही शिव्याशापांनी भरलेला. पुढे तर नावाजलेल्या प्रसूतितज्ज्ञांना जाहीर पत्रं लिहून खुनी ठरवू लागला. बरोबर असणं वेगळं आणि पटवून देणं वेगळं. दुसरं त्याला जमलं नाही आणि किंमत मोजली बाळंतिणींनी. १३ ऑगस्ट १८६५ रोजी तो मनोरुग्णालयात वारला. आदल्याच दिवशी, १२ ऑगस्टला, ग्लासगोत जोसेफ लिस्टर एका अकरा वर्षांच्या पोराच्या मोडलेल्या पायावरच्या जखमेला कार्बोलिक आम्लाची पट्टी बांधत होता. तिथून जंतुविरहित शस्त्रक्रिया रुजली.

रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबरची रेघ तर ओढायची कुठे, हेच कळत नाही. हवेतल्या नायट्रोजनपासून खतांसाठी लागणारा अमोनिया बनवायची त्याची रीत नसती, तर आज जगातल्या निम्म्या लोकांना पोटभर अन्न मिळालं नसतं, असा अंदाज सांगतात. याच हाबरच्या देखरेखीखाली पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ रोजी, बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर क्लोरीन वायू सोडला गेला. खताच्या पोत्याशी जोडायचा की विषारी वायूशी?

आणि एक जोडी त्या पानावर नव्हतीच. १९७१, बांगलादेशचं युद्ध, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ. सलाईनच्या बाटल्या संपत आलेल्या, रुग्ण जमिनीवर पडलेले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून नळाच्या पिंपांमध्ये भरला आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच सांगितलं, तुम्हीच पाजत राहा. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. मीठ आणि साखर एकत्र असली की आतडं पाणी शोषून घेतं, हे शास्त्रज्ञांना आधीच कळलेलं होतं. पण डॉक्टर-नर्सशिवाय, आईच्या हातून तो उपचार होऊ शकतो, हे मानायला मोठे मोठे तज्ज्ञ तयार नव्हते. डॉक्टरांना पद्मविभूषण मिळालं ते २०२३ मध्ये, मरणोत्तर.

हे सगळं मी भाचीला रंगवून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग रेघ खोडून हीटली लिहू का?"

मी म्हटलं, नको गं बाई, फ्लेमिंगच राहू दे, गुण जाईल.