पुरण्याआधी मेंदूचा एक तुकडा

आपल्याकडे देवमासा किनाऱ्याला लागला की वाद ठरलेला. जिवंत असेल तर समुद्रात ओढून न्यायला उशीर का केला? मेला असेल तर वास सुटण्याआधी जेसीबी का आणला नाही? तो आजारी होता का, हे कुणी विचारत नाही. ब्रिटनमधून हे वाद वाचताना मला तेच सर्वांत जास्त खुपतं.

इथेही हे शहाणपण उशिराच आलं. नॅचरल हिस्टरी म्युझियम १९१३ पासून अशा प्राण्यांची नोंद ठेवतं, पण मृत्यूचं कारण शोधणारी सरकारी खर्चाची यंत्रणा १९९० मध्ये उभी राहिली. त्याच्या दोन वर्षं आधी गोवराच्या कुळातल्या विषाणूने वायव्य युरोपात हजारो सील मारले होते. २००२ मध्ये तो परतला. २०२३ मध्ये अर्जेंटिनात बर्ड फ्लूने एलिफंट सीलची हजारो पिल्लं गेली. आपण अशा घावाची वाट का पाहायची?

चरबीच्या जाड थरामुळे उष्णता आतच कोंडते. वरून ताजं दिसणारं धूड आतून झपाट्याने सडतं, म्हणून पहिला दिवस मोलाचा. फुफ्फुस, प्लीहा, लसिका ग्रंथी आणि मेंदू यांचे दोन-दोन नमुने घ्यावेत. एक सेंटिमीटरहून पातळ कापून दहापट फॉर्मलिनमध्ये (ऊती सडू न देणारं द्रावण), दुसरा उणे ८० अंशांवर. तुकडा जाड असला तर फॉर्मलिन मध्यापर्यंत पोचत नाही. सगळंच फॉर्मलिनमध्ये बुडवलं तर जिवाणू वाढवून पाहता येत नाहीत. कवटी करवतीने कापावी लागते, म्हणून मेंदू हमखास राहून जातो, आणि मॉर्बिलिव्हायरस (तेच गोवराच्या कुळातले विषाणू) किंवा ब्रुसेला या जिवाणूच्या खुणा तर अनेकदा तिथेच असतात. ब्रुसेला माणसालाही होऊ शकतो. हातमोजे, एन-९५ मास्क, गॉगल हवेतच. गर्दी आणि कुत्री लांब ठेवायची.

जिवंत प्राण्यालाही पशुवैद्याने तपासल्याशिवाय ढकलू नये. मॉर्बिलिव्हायरस श्वासातून पसरतो आणि डॉल्फिन कळपाने राहतात.

किनाऱ्याला लागलेल्या अशा प्राण्यांसाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचना २०२१ पासून आहेतच. पण देवमासा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मधला, त्यामुळे नमुने घ्यायलाही परवानगी लागते, आणि ती येईपर्यंत ऊती सडलेल्या असतात. किनाऱ्यावरच्या प्रत्येक जिल्ह्यात एका प्रशिक्षित पशुवैद्याला ही परवानगी वनखात्याने वर्षभरासाठी आधीच देऊन ठेवावी.