सुधारणेचा आकडा

मालकांनी वर्षाच्या पहिल्याच मीटिंगमध्ये "आपल्याला सतत सुधारणेची संस्कृती रुजवायची आहे" असं जाहीर केलं असेल, तर घाबरू नका. टोयोटाला त्यासाठी काही दशकं लागली. तुमच्याकडे मार्चपर्यंत वेळ आहे, कारण मार्चमध्ये कस्टमर ऑडिट आहे. म्हणून एकाच पद्धतीच्या नादी लागू नका. लीन, सिक्स सिग्मा, कायझेन, टीपीएम, फाइव्ह एस, कारखाना सुधारायच्या या सगळ्या पद्धती एकदम लावा. एका पद्धतीने दुसरीला कसं अडवायचं, हे कन्सल्टंट सांगत नाही. मी सांगतो.

मुहूर्त फाइव्ह एसचा, म्हणजे प्रत्येक वस्तू नीटनेटकी, जागच्या जागी. पिवळा टेप आणा. कचऱ्याच्या डब्याभोवती, फायर एक्स्टिंग्विशरभोवती, जागचा हलणार नाही अशा कॉम्प्रेसरभोवतीही चौकोन मारा. सगळं कसं सोन्याहून पिवळं. टूल बोर्डवर पान्याची काळी आकृती रंगवून घ्या. पाना ऑपरेटरच्या खिशातच राहील, कारण बोर्ड मशीनपासून चाळीस पावलांवर आहे. तो तिथे आहे, कारण ऑडिटर त्याच वाटेने येतो.

कायझेनचं, म्हणजे छोट्या-छोट्या सुधारणांचं, टार्गेट माणशी महिन्याला दोन. 28 तारखेला सुपरवायझर सगळ्यांचे फॉर्म एकाच पेनाने भरून टाकेल. फोटो काढताना 'नंतर'चा आधी काढा, जागा तशीही साफ असते. मग दोन फाटकी खोकी आणि एक तेलकट फडकं टाकून 'आधी'चा काढा.

सिक्स सिग्माचा जन्म 1986 साली मोटोरोलात झाला. 10 लाख संधींमागे 3.4 दोष, एवढीच मुभा. तुमची रिजेक्शनची पेटी दुपारच्या चहापर्यंत भरत असली, तरी बिघडत नाही. मशीनवर नग पकडणाऱ्या चकचे जॉ झिजलेत असं ऑपरेटर म्हणाला, की शांतपणे विचारा, "डेटा कुठे आहे?" त्याने डेटा आणला आणि नवे जॉ मागितले, की लीन काढा: स्टॉक म्हणजे मुदा, निव्वळ नासाडी. तरी तो हटला नाही, तर टीपीएम, म्हणजे टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स, आहेच: मशीन तुझं, काळजी तुझी. तीन पद्धतींचा असा संगम झाला, की एक रुपया खर्च न होता फाईल बंद होते.

गोल्डरॅट यांच्या थिअरी ऑफ कन्स्ट्रेंट्सच्या वाटेला मात्र जाऊ नका. ती अख्ख्या साखळीतला एकच अडथळा शोधायला लावते. माझ्या माहितीतल्या एका कारखान्यात तो शोधला, तर निघाली परचेसची सही. शोधणारी टीम आता स्टोअरमध्ये बोल्ट मोजते.

लाइनवर अँडनची दोरी हवीच, दोष दिसला की ओढून लाइन थांबवायची. सूत तुटलं की माग आपोआप थांबला पाहिजे, हे साकिची तोयोदांनी टोयोटाची पहिली मोटार बनायच्या कितीतरी आधी करून दाखवलं. तुम्ही दोरी लटकवा आणि खाली पाटी लावा: 'परवानगीशिवाय ओढू नये'. शेजारी गुणवत्तेचे गुरू डेमिंगसाहेबांचा फोटो आणि त्यावर 'शून्य दोष, हाच संतोष'. कामगारांपुढची घोषवाक्यं काढून टाका, असं त्यांच्या 14 मुद्द्यांतला 10 वा मुद्दा सांगतो. पण तो वाचलेला माणूस ऑडिटला येत नाही.

आता खरी परीक्षा. एका ऑपरेटरने वेल्डिंग रॉड वाकवून आकडा केलेला असतो. जॉबवर गुंडाळलेली चिप, म्हणजे कापताना निघालेला धातूचा धारदार कीस, हाताने ओढताना हातमोजा फाटतो, बोट कापतं. आकड्याने एका झटक्यात निघते. कोणी सांगितलं नव्हतं, फॉर्म भरला नव्हता, टार्गेटमध्ये धरला नव्हता. अशा वस्तूला ताबडतोब लाल टॅग लावा. अनधिकृत साधन. स्क्रॅपमध्ये.

पुढच्या महिन्यात पाळीमागे नग कमी पडतील. ग्रीन बेल्टचा, म्हणजे सिक्स सिग्मा शिकलेल्याचा, प्रोजेक्ट काढा. तीन महिने स्टॉपवॉच, फिशबोन आणि पॅरेटोचे तक्ते. निष्कर्ष निघेल: चिप काढायला साधन नाही. मग व्हेंडरकडून स्टेनलेसचा, लेझर-कट आकडा मागवा. फॉर्मवर नाव तुमचं. बक्षिसाची ट्रॅव्हल बॅग घेताना तो ऑपरेटर टाळ्या वाजवायला पुढच्या रांगेत असू द्या, फोटोत बरं दिसतं.

नव्या आकड्याचीही काळी आकृती रंगवून घ्या. बोर्ड तोच, चाळीस पावलांवरचा. आणि रात्रपाळीत कोणी वेल्डिंग रॉड वाकवताना दिसलं, तर लाल टॅगचं बुक हाताशी असू द्या.