टेन्शनने पाळी लांबते, पण दरवेळी नाही

‘पाळी लांबली? टेन्शनच असणार, तपासणी नको,’ असा मेसेज फिरतोय. अर्धंच खरं आहे ते. सततच्या ताणाने कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन वाढलं की मेंदूतून बीजकोशाकडे जाणारा इशारा मंदावतो आणि बीज उशिरा सुटतं. एकदा बीज सुटलं आणि गर्भ राहिला नाही, की पाळी साधारण १२ ते १४ दिवसांत येते. म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्रीची धडधड उद्याची पाळी सहसा अडवत नाही. बीज सुटण्याआधीच्या दिवसांतली जागरणं मात्र अडवू शकतात.

आणि गरोदरपण? मेसेजमध्ये उल्लेखच नाही, कमाल आहे! आधी लघवीची चाचणी करा. थायरॉइडचा बिघाड, प्रोलॅक्टिन (दूध तयार करणारं हार्मोन) वाढणं, पीसीओएस (बीज वेळेवर न सुटण्याचा हार्मोनचा बिघाड) हीसुद्धा नेहमीची कारणं. तीन महिने पाळी नसेल तर डॉक्टरांना दाखवाच.