नाणं, थापी आणि पोकळ वाजणारी टाईल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

नव्या फ्लॅटचा ताबा घेण्याआधी फरशी आणि भिंतीच्या टाईल्स कशा तपासाव्यात, यावर मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. नाण्याने एकेक टाईल वाजवून बघा, घुमली तर खाली माल नीट भरलेला नाही, असं त्यात होतं. त्यावर तुमची लांबलचक प्रतिक्रिया आली. व्हिट्रिफाइड (काचेसारखी घट्ट भाजलेली) टाईल भिजवायची नसते, पोकळ वाजणारी प्रत्येक टाईल निघतेच असं नाही, तपासायचंच तर पट्टी लावा आणि पाणी ओता, असल्या लेखांमुळे मिस्त्र्यांचे पैसे अडकतात, एवढं सगळं तिच्यात आहे. आणि शेवटी हे वाक्य: "हातात नाणं घेऊन टकटक करत फिरणाऱ्यांनी मिस्त्र्याला अक्कल शिकवू नये, आधी एक तरी लादी बसवून दाखवावी."

दोन दिवस गप्प बसलो. पण हे वाक्य काही डोक्यातून जाईना.

भिजवण्याचं आधी सांगतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. "टाईल्स भिजवून बसवल्या का ते विचारा" असं मी सरसकट लिहून गेलो. भिजवायच्या त्या भिंतीच्या सिरॅमिक टाईल्स, त्याही सिमेंटच्या मालात बसवायच्या असतील तर. व्हिट्रिफाइड टाईल अर्धा टक्का पाणीसुद्धा पीत नाही, ती रात्रभर पिंपात ठेवून काही उपयोग नाही. म्हणूनच तिला नुसत्या सिमेंटऐवजी अॅडहेसिव्ह, म्हणजे टाईल चिकटवायचा तयार मसाला लागतो. लिहिण्याच्या ओघात राहिलं, चूक मान्य. पण एका ओळीत सांगता आली असती अशी गोष्ट "अभ्यास न करता लिहिता" म्हणत सांगायची गरज नव्हती.

आता लादी बसवून दाखवण्याबद्दल.

माझे वडील लादी मिस्त्री होते. सिडकोत आमचं घर. सकाळी सातला सायकलला पिशवी अडकवून निघायचे. पिशवीत थापी, ओळंबा, काटकोन बघायचा गुण्या आणि पातळी बघायची, गुंडाळलेली पाण्याची नळी. शाळेला सुट्टी लागली की मी सोबत. माझं काम एकच. नळीचं एक टोक धरून खोलीच्या कोपऱ्यात उभं राहायचं, आतला बुडबुडा निघाला का बघायचं आणि पलीकडून "धर" असा आवाज आला की पाण्याच्या रेषेवर भिंतीला पेन्सिलची खूण करायची. शहाबादी, कोटा, मोझॅक, शेवटच्या वर्षांत व्हिट्रिफाइड, सगळं त्यांनी बसवलं. मी स्वतः बसवलेली खोली म्हणाल तर एकच, आमच्याच घराची मागची, तीही त्यांच्या देखरेखीखाली. म्हणजे तुमची अट पूर्ण झाली.

काम झाल्यावर ते काय करायचे ते ऐका. माल घट्ट झाला की चप्पल बाहेर काढून खोलीत जायचे, उकिडवे बसायचे आणि थापीच्या लाकडी मुठीने एकेक फरशी वाजवायचे. चार कोपरे, मग मध्ये. भरीव फरशीचा आवाज तिथल्या तिथे मरतो. पोकळ असली की रिकाम्या माठावर टिचकी मारल्यासारखी घुमते. घुमली की एक शब्द न बोलता उचकटायचे. मालक तिथे नसायचा. काम उक्तं घेतलेलं, त्यामुळे वाया गेलेला माल आणि मोडलेला दिवस त्यांच्याच खिशातून जायचा.

तेव्हा टकटक करणं हा मिस्त्र्याचा अपमान आहे, हे मी तुमच्याकडून ऐकून घेणार नाही. मी ती मिस्त्र्याकडूनच शिकलो. पंधरा वर्षं साइटवर आहात असं लिहिता. असाल. पण पंधरा वर्षांच्या माणसाला ठोकून बघणाऱ्याचा राग का यावा, हे मला कळत नाही. वडील जाऊन सहा वर्षं झाली. तुमची प्रतिक्रिया आईला वाचून दाखवली, तर तिने फक्त विचारलं, "ह्यांना कोणी काही केलंय का?"

माझ्या घराचंही सांगतो. इंदिरानगरला 2014 मध्ये फ्लॅट घेतला. बाथरूमच्या भिंतीवर नळाच्या बाजूच्या तीन टाईल्स पहिल्या दिवसापासून घुमत होत्या. साइटवरच्या इंजिनिअरने तुमचंच वाक्य ऐकवलं होतं, "एखाददुसरी वाजतेच हो." त्यातली एक टाईल चौथ्या वर्षी सुटून आली. उलटी केली तर पाठीवर कंपनीचं उठावाचं नाव स्वच्छ वाचता येत होतं. सिमेंटचा डागसुद्धा नाही. भिंतीवर लाडवाएवढे पाच गोळे, चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये एक, आणि त्यांच्यामधल्या पोकळीत काळं, कुबट पाणी. शेजारच्या बेडरूमच्या भिंतीला ओल का येते, याचं उत्तर त्या दिवशी मिळालं. ओल्या जागेत टाईलच्या पाठीचा निदान 95 टक्के भाग मालाला चिकटलेला असावा, कोरड्या जागेत 80, असा अमेरिकेतला दंडक आहे. आमच्या टाईलची पाठ कोरीच होती.

पट्टी लावा म्हणता. अहो, लेखात ती आहेच. 2 मीटरची सरळ पट्टी, खाली 3 मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको. नहाणीच्या जाळीकडचा ढाळ बघायला बादलीभर पाणी ओता, हेही आहे. तुम्ही लेख शेवटपर्यंत वाचलेला नाही. पट्टी वरचं सांगते, खालचं सांगत नाही. खालचं कळायला सामान्य माणसाकडे कानाशिवाय दुसरं आहे काय?

पोकळ वाजणारी प्रत्येक टाईल निघते, असं मी कुठेही म्हटलेलं नाही. बेडरूमच्या मधोमध एखादा कोपरा घुमला तर सोडून द्या. नळाजवळ, दारात, मोरीत घुमली तर सोडू नका. खडूने फुली मारा, फोटो काढा, लेखी द्या. हे लिहायला कारण आहे. रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाच्या कायद्याच्या कलम 14 प्रमाणे ताब्यापासून 5 वर्षांत कारागिरीतला दोष कळवला, तर बिल्डरने 30 दिवसांत पैसे न घेता तो दुरुस्त करून द्यायचा असतो. आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा तो कायदा नव्हता, ती भिंत मी स्वतःच्या खर्चाने फोडली.

मिस्त्र्यांचे पैसे कोण अडवतं, हा मोठा विषय आहे. फुली मारणारा घरमालक ते अडवत नाही, एवढंच इथे म्हणतो.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, "अक्कल" या शब्दासकट तशीच आहे. भिजवण्याचं वाक्य आज दुपारी दुरुस्त केलं. नाण्याचं आहे तसंच ठेवलं आहे. फक्त नाण्याने चरा उठतो, त्यामुळे चकचकीत टाईलला लाकडी मूठ वापरा, एवढं त्यात घातलं.