तुमचा फोन आता आणखी सोपा झाला आहे!

सासऱ्यांचा फोन मी लागोपाठ तीन वेळा कापला. चौथ्यांदा त्यांनी थेट माझ्या बायकोला लावला आणि विचारलं, "जावईबापू आमच्यावर रागावलेत का?"

रागावणारा मी कोण! आदल्या रात्रीपर्यंत आलेला फोन घ्यायचा म्हणजे हिरवं चिन्ह वर सरकवायचं, हे माझ्या अंगठ्याला झोपेतही पाठ होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये एका सकाळी बघतो तर सगळा मामला आडवा झालेला. उजवीकडे सरकवलं तर घेतला, डावीकडे सरकवलं तर कापला. त्यात मी फोन धरतो डाव्या हातात, आणि डावा अंगठा वर जाता जाता हटकून डावीकडे वळतो. त्याला बिचाऱ्याला काय कल्पना, की आपण सासरच्या मंडळींचा अपमान करतोय!

सोसायटीच्या ग्रुपवर तोवर घबराट पसरली होती. "माझा फोन हॅक झालाय का? कॉलची स्क्रीन वेगळीच दिसतेय." खाली अकरा जणांचं "माझीपण".

"मामा, हॅक नाही, अपडेट झालंय," भाचा म्हणाला.

"मी तर काहीच केलं नाही."

"तुम्ही करायचं नसतंच. ते आपोआप होतं."

मोठं अपडेट असलं की निदान विचारतात तरी. म्हणजे विचारल्यासारखं करतात. 'आता इन्स्टॉल करा' आणि 'रात्री इन्स्टॉल करा'. कारल्याची भाजी करू की भरली कारली, असा तो प्रश्न. 'नको' हे बटणच नसतं. तरी मी तीन आठवडे तग धरला. मग बँकेच्या ॲपनेच दम भरला, आणि दिवसाला दीड जीबीच्या माझ्या पॅकमधून अडीच जीबीचा तो पाहुणा दोन दिवस उतरत राहिला. आल्यावर त्याने सांगितलं, 'तुमचा फोन आता आणखी सोपा झाला आहे!' सोबत उद्गारचिन्ह.

सोपा म्हणजे कसा? पूर्वी वरची पट्टी खाली ओढून एक टिचकी मारली की वायफाय बंद. आता वायफाय आणि मोबाइल डेटा 'इंटरनेट' नावाच्या एकाच खोलीत नांदतात. आधी खोलीचं दार उघडायचं, मग आत कोण कोण जागं आहे ते बघायचं, मग एकाला झोपवायचं. (२०१६ मध्ये एका बड्या कंपनीने हेडफोनचं भोक काढून टाकलं, तेव्हा त्याला व्यासपीठावरून 'धैर्य' म्हटलं गेलं होतं. तेव्हापासून मी काहीही हरवलं की धैर्य दाखवल्याचं घरी सांगतो. बायको ऐकून घेत नाही.)

भाच्याने उपाय काढला. सेटिंग्ज, ॲप्स, फोन, कोपऱ्यातले तीन टिंब, 'अपडेट्स अनइन्स्टॉल करा'. जुनी स्क्रीन परत आली! मी सासऱ्यांना मुद्दाम फोन करायला लावला आणि पहिल्या रिंगला उचलला. दोन दिवस सुखाचे गेले. तिसऱ्या रात्री फोन चार्जिंगला लावून झोपलो, आणि सकाळी पुन्हा आडवा. मी झोपण्याचीच कुणीतरी वाट बघत होतं.

शेवटचा घाव पडला तो शोकसभेत. सोसायटीतले नाना गेले. हॉल गच्च भरलेला, सासरे शेजारच्या खुर्चीवर. फोन बंद करावा म्हणून मी बाजूचं बटण दाबून धरलं. आजवरच्या प्रत्येक फोनमध्ये असंच तर बंद व्हायचं. नव्या व्यवस्थेत त्याने मदतनीस जागा होतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. स्क्रीनवर रंगीत लाट उसळली आणि फोन कान देऊन ऐकू लागला.

व्यासपीठावर सेक्रेटरींचा गळा दाटून आला होता. "नाना," ते वर बघत म्हणाले, "आज तुम्ही कुठे आहात?"

"तुमचं लोकेशन बंद आहे," माझ्या खिशातून स्वच्छ आवाज आला. "चालू करू का?"

सासऱ्यांनी हळूच माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने तेच बटण आणखी जोरात दाबून धरलं.

"बोला," फोन म्हणाला, "ऐकतोय."